रविवार सोडून कधीही ये

पोटची पोर दोन वर्षांनी घरी यायचं म्हणते, आणि बाप निरोप धाडतो की ये, पण रविवारी येऊ नकोस... असला बाप उभ्या जगात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, आणि तो नेमका माईंच्याच पदरी पडला होता! सोमवारी ये म्हणे, बुधवारी ये, अर्ध्या जेवणावरून उठून दार उघडीन म्हणे. पण हा एक रविवार नको. का? तर या रविवारी बाजारात बापाचा दिवस आहे. दुकानदारांनी नेमून दिलेल्या दिवशी माझ्या दारात कुणी माया घेऊन यायचं नाही, असं ताटावरची मान वर न करता सांगून काचवाल्यांनी, म्हणजे त्या बापाने, पुढचा घास घेतला, आणि माईंच्या हातातली पळी तशीच आमटीच्या पातेल्यावर अधांतरी राहिली.

पोरीचा निरोप थोरल्या लेकाने आणला होता. बहिणीचा फोन त्यालाच यायचा. तो म्हणाला, कपचीला दूरच्या मुलखात नोकरी लागली, सोमवारी सकाळी निघायचंय, एकदा गेली की लवकर परतणं नाही, मधे हाती काय तो हा रविवार. आणि तिनं विचारलंय, येऊ का. थोरला सांगून मोकळा झाला, पण माईंच्या काळजात ते दोन शब्द कुसळासारखे रुतून बसले. येऊ का... ज्या घराच्या उंबऱ्यावर ही पोर रांगली, जिथे दार वाजवायची तिला कधी गरज पडली नाही, त्या घरी यायला तिनं परवानगी मागावी!

माईंच्या जिभेला धार होती हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवाला त्यांच्या दारात पाण्याचा विषय काढत नसे. पण नवऱ्यापुढे त्यांनी कधी शब्द वाढवला नव्हता. लग्न झालं तेव्हा आईने एकच शिकवलं होतं, की माणूस कष्टाचा असेल आणि बाटलीचा नसेल तर बाकीचं सगळं पदराखाली घ्यायचं. माईंनी घेतलं. घेता घेता पदर केवढा जड झाला हे मात्र कुणी विचारलं नाही.

काचवाले माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, वाईटाशी भांडता तरी येतं. आयुष्यभर त्यांनी दुकानांना काचा बसवल्या. अख्ख्या बाजारात अशी दर्शनी काच नव्हती जिच्यावर त्यांचा तळवा फिरला नव्हता. आणि काच बसवणाऱ्याला दुकान आतून दिसतं! गिऱ्हाइकाला पुढून लाल रेशमी हृदय दिसतं, यांना मागचा पुठ्ठा आणि टाचण्या दिसायच्या. एक दिवस आईचा, तो उतरला की बापाचा, मग बहिणीचा, मग मैत्रीचा. पुठ्ठा तोच, वरचा कागद बदलायचा. घरी येऊन ते म्हणत, "मायेला सुद्धा यांनी हंगाम लावला, जशी काही ती भाजीच आहे."

आणि त्यांच्याबरोबर शिडी धरणारा एक सोबती होता. त्याचा एकुलता एक लेक तापाने गेला. त्याच महिन्यात दोघांना एका दुकानात काच बसवायचं काम आलं, आणि काचेमागे बाप-लेकांचं हे मोठं हसरं चित्र. सोबती शिडी धरून उभा होता, खाली मान घालून, सबंध वेळ. काचवाले वरून बघत होते. त्या दिवशी ते घरी आले आणि जेवले नाहीत. म्हणाले, ज्याचं गेलंय त्याला रस्त्यातून चालायची सोय ठेवली नाही या लोकांनी. आमच्या घरात यातला एकही दिवस येणार नाही. आणि त्यांनी म्हटलं म्हणजे म्हटलं.

माईंना तेव्हा ते पटलं होतं. अजूनही पटत होतं. पण पटणं डोक्यात असतं, आणि हुरहूर त्याच्या बरीच खाली असते... समोरच्या घरातल्या सुनेनं एका आईच्या दिवशी सासूच्या केसांत स्वतःच्या हाताने फूल खोवलं आणि ती सासू ते फूल मिरवत मुद्दाम माईंच्या दारात विरजण मागायला आली. माईंनी विरजण दिलं, वर ऐकवलं की आमच्याकडे असले चाळे नसतात बाई, आम्ही साधी माणसं. ती गेल्यावर मात्र त्या कांदे चिरायला बसल्या. त्या दिवशी स्वयंपाकाला कांदा लागणारच नव्हता.

तर असं हे घर, आणि या घरात कपची. खरं नाव वेगळं होतं, पण जन्मली तेव्हा इवलीशी, म्हणून बाप म्हणाला, माझ्याच काचेची कपची उडाली ही. तेच नाव पडलं. बापाचा तिच्यावर जीव, आणि त्या जिवाची एक रीत होती. काचेच्या कामाचा माणूस घरी आला की त्याच्या अंगावर, तळव्यांवर काचेची बारीक कुसं असतात, डोळ्यांना न दिसणारी. लेकराला तशा हातांनी उचललं तर ती त्याच्या अंगात जातील. म्हणून काचवाले दारातच दोन्ही हात वर करून उभे राहत, चोर पकडल्यासारखे! मग माई कणकेचा मऊ गोळा कपचीच्या हातात देत. ती तो बापाच्या तळव्यांवर, मनगटांवर, सदऱ्याच्या पुढच्या भागावर ठपठप दाबत जाई, कुसं कणकेत उतरत, गोळा चमकायला लागे. सगळं झालं की ती म्हणे, "आता घ्या." आणि मगच बाप तिला छातीशी धरी. ते बघताना माईंच्या अंतःकरणात जे भरून येई त्याला शब्द नव्हता, आणि शब्द असता तरी त्या घरात तो उच्चारायची पद्धत नव्हती.

कपची मोठी झाली, जाहिरातींच्या कचेरीत चित्रं काढू लागली. दोन वर्षांपूर्वी चौकातल्या भेटवस्तूंच्या मोठ्या दुकानाला नवी काच हवी होती, ते काम काचवाल्यांना मिळालं. एवढी मोठी काच त्यांनी जन्मात बसवली नव्हती. बसवून आले तेव्हा लग्नातल्यासारखा चेहरा होता. चारच दिवसांनी एक कोपरा नीट बसलाय ना बघायला पुन्हा गेले, आणि काचेमागे ते चित्र... दारात हात वर करून उभा बाप, चिमुरडीच्या हातात कणकेचा गोळा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, या रविवारी त्यांचे हात रिकामे राहू देऊ नका.

कोणी काढलं ते विचारायची गरज नव्हती. जगात ही रीत एकाच दारात होती.

त्या संध्याकाळी बाप-लेकीत जे झालं ते माईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. आवाज चढले नाहीत, हेच भयंकर होतं. बाप एवढंच म्हणाला, की घरातली कणीक तू बाजारात मांडलीस, यापुढे माझ्याशी बोलू नकोस. लेकीनं काही तरी सांगायला तोंड उघडलं, पण तीही याच बापाची, तिनं मिटून घेतलं. पिशवी भरली, मैत्रिणीकडे राहायला गेली, ती गेलीच. दोन वर्षं माई रोज तिच्या वाटणीची भाकरी जास्तीची थापायच्या आणि सकाळी शिळी म्हणून स्वतः खायच्या. काचवाल्यांना ते दिसायचं.

थोरल्याचा निरोप आला तो गुरुवार. शुक्रवारी दुपारी माईंनी पायात चपला घातल्या. भाजी आणते असं सांगितलं, पण पिशवी घेतलीच नाही, आणि ते लक्षात न येणारा नवरा आपल्याला मिळाला याबद्दल त्या दिवशी प्रथमच देवाचे आभार मानले. त्यांना ते चित्र बघायचं होतं. ज्या चित्रापायी घर फुटलं ते त्यांनी अजून बघितलंच नव्हतं! चित्राने खप वाढला म्हणून दुकानवाले दरवर्षी तेच लावत, असं थोरला सांगायचा.

बघितलं. आणि पाय जागच्या जागी खिळले. चौकातली गर्दी, हातगाड्या, गाड्यांचे भोंगे, सगळं मागे कुठेतरी गेलं. तो डावा खांदा किंचित खाली उतरलेला, जड काचा वाहून वाहून... तो सुद्धा पोरीनं सोडला नव्हता. सदऱ्याचं वरचं बटण तुटकं होतं, ते सुद्धा. आणि पोरीच्या चेहऱ्यावर केवढी आस्था, जशी काही ती वैद्यीणच! माईंनी सगळं बघितलं, डोळे पुसले, मग पुन्हा बघितलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की कणीक आहे, पण ती मळणारी नाही. बाप आहे, लेक आहे, दार आहे. माई नाहीतच.

"व्वा गं," त्या काचेला म्हणाल्या.

आतून दुकानातली मुलगी बाहेर आली. काही दाखवू का, असं तिनं विचारलं. माई म्हणाल्या, काही नको, काच बघतेय, माझ्या माणसाने बसवलीय. मुलीचा चेहरा एकदम उजळला. म्हणजे तुम्ही काचवाल्या काकांच्या घरच्या! आणि मग ती जे बोलत सुटली ते ऐकून माई परतायचं विसरल्या. काका ना, हे चित्र लागलं की रोज संध्याकाळी येतात म्हणे. खिशातलं फडकं काढून बाहेरून काच पुसतात, अगदी कोपऱ्यापर्यंत, मग समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहतात थोडा वेळ आणि जातात. गेल्या वर्षी पण यायचे. आम्ही चहा विचारतो, घेत नाहीत. इतकं कामावर प्रेम असलेला माणूस आम्ही बघितला नाही.

कामावर प्रेम! माईंना हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही. चित्र लागलं की हा माणूस संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडत होता आणि त्या माघारी एकट्या घरात पोरीची वाट बघत बसत होत्या. एकाच लेकीसाठी दोघं झुरत होते, एक चौकात, एक चुलीशी. आणि एकानेही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. रागवावं की कीव करावी, त्यांना कळेना.

घरी येऊन त्यांनी थोरल्याला फोन केला. बाप काय म्हणाला ते सांगू नकोस, त्या म्हणाल्या, रविवारी जेवायला ये म्हणून सांग, आईने बोलावलंय म्हणावं. नवऱ्याचा शब्द त्यांनी आयुष्यात प्रथमच मोडला होता, आणि छातीत असं धडधडत होतं जसं काही घरातून दागिने चोरले.

रविवारी दुपारी कपची आली. वाळली होती. उंबऱ्याबाहेर चपला काढताना ती परक्याच्या दारात आल्यासारखी संकोचली. हातात काही नव्हतं, फूल नाही, पुडी नाही, बापाचा नियम तिनं दोन वर्षांच्या अबोल्यातही पाळला होता. मागच्या खोलीतून काच कापायच्या हिऱ्याची कुरकुर ऐकू येत होती. रविवारी कसलं काम! पण माणसाला लपायला जागा लागते.

कपची त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. कुरकुर थांबली. काचवाल्यांनी मान वर केली, आणि माईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, त्यांची नजर आधी पोरीच्या चेहऱ्यावर गेली आणि मग हळूच तिच्या हातांवर उतरली. रिकामे हात बघून त्या म्हाताऱ्या डोळ्यांत क्षणभर जे हललं, ते दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. जन्मभर भेटी नकोत म्हणून गर्जना करणारा माणूस... आणि आत कुठेतरी एक मूल वाट बघत बसलेलं!

"रविवारी नको म्हटलं होतं," ते म्हणाले.

"उद्या मी नसेन, बाबा."

त्यांनी पुन्हा हिरा उचलला. कपची बोलतच राहिली. "तुम्हाला वाटलं मी विकलं. कचेरीत सांगितलं होतं, बापावर काहीतरी काढा. बाकीच्यांनी घड्याळं काढली, गाड्या काढल्या. मला तुम्ही सोडून काही सुचेना. आणि त्या दुकानाला नवी काच हवी आहे हे कळल्यावर तुमचं नाव मीच सांगितलं. या घरात तुम्हाला काही द्यायची सोय नव्हती, बाबा. हातात दिलं असतं तर तुम्ही परत केलं असतं. म्हणून तुमच्याच काचेमागे ठेवलं. वाटलं, स्वतःच्या काचेतून दिसलेलं तरी तुम्ही नाकारणार नाही. खालची अक्षरं माझी नव्हती. ती त्यांनी नंतर चिकटवली."

हिरा हातात तसाच राहिला. स्वाभिमानी माणसाची ही मोठी शोकांतिका असते, दार आतून त्यानेच लावलेलं असतं आणि कडी कुठे आहे ते त्यालाच सापडत नाही. कपचीनं थोडा वेळ वाट बघितली. मग डोळे पुसून म्हणाली, "येते आई," आणि चपलांकडे वळली.

तेव्हा मात्र माईंनी आयुष्यभर पदराखाली घेतलेलं सगळं बाहेर काढलं.

"थांब. जायच्या आधी ऐकून जा. तुझं चित्र लागलं की हे बाबा रोज संध्याकाळी चौकात जातात. त्या दुकानाची काच पुसतात. कोपऱ्यापर्यंत. कुणी सांगितलेलं नाही, कुणी बोलावलेलं नाही. दोन वर्षं. मला सांगतात, पाय मोकळे करून येतो."

काचवाल्यांनी बायकोकडे बघितलं, चोरी उघडकीस आलेल्या माणसाने बघावं तसं. हातातला हिरा त्यांनी जपून टेबलावर ठेवला, आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "रस्त्याची धूळ बसते गं... बरोबर त्या पोरीच्या तोंडावर दिसते. मला बघवत नाही."

एवढंच. पण दोन वर्षांचा बांध फुटायला तेवढं पुरलं. कपची धावत जाऊन बापाच्या पायांशी बसली, गुडघ्यांवर डोकं ठेवून लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. तो म्हातारा माणूस तिच्या केसांवर हात फिरवत नुसतं, उगी, उगी, म्हणत राहिला, आणि स्वतः मात्र उगी होत नव्हता. माई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. पुढे जावं असं फार वाटलं. पण भात लागल्याचा वास आला, म्हणून त्या आत गेल्या.

जेवण मात्र हसतखेळत झालं. काचवाल्यांनी भात लागलाय असं म्हटल्यावर माईंनी ऐकवलं, की लागलेला भात सोडून या घरात आज सगळं नीट आहे, तेव्हा गुपचूप खा. मग त्यांनी लेकीला विचारलंच, की चित्रात कणीक कुठून आली, आकाशातून पडली का? कपची घास हातात धरून आईकडे बघत राहिली. म्हणाली, ते सगळं दिसतं कुठून, आई? स्वयंपाकघराच्या दारातून. तू उभी असायचीस तिथून. मी तुझ्या जागेवर उभी राहून काढलंय ते.

माईंनी पदराने डोळे टिपले. पण जीभ त्यांचीच होती. "म्हणजे चित्रात सुद्धा मला बसू दिलं नाहीस," त्या म्हणाल्या, आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.

ऊन उतरल्यावर कपची निघाली, सामान मैत्रिणीकडे होतं आणि सकाळी तिथूनच सुटायचं होतं. माईंनी बांधून दिलेल्या डब्याची पिशवी काचवाल्यांनी स्वतः उचलली, बस येईपर्यंत थांबतो म्हणाले. माई कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथून परतल्या. दोघं चालत गेलेली त्यांनी बघितली, तीच उतरलेल्या खांद्याची ढब दोघांची. लेक आता दूर जाणार होती, पुन्हा कधी दिसणार ते देव जाणे. पण या खेपेला ती भांडून जात नव्हती. व्याकूळ मनाला एवढा आधार पुष्कळ होता... असं त्या स्वतःला समजावत पायरीवर बसून राहिल्या.

काचवाले परतले ते तरुण होऊन. शेजारी टेकले, पाय लांब केले. बसमध्ये पोरीला खिडकीची जागा मिळाली, पोचल्यावर फोन करीन म्हणाली, बस वळेपर्यंत हात हलवत होती, सगळं सांगून झालं. नीट पुसलेल्या काचेसारखा चेहरा झाला होता त्यांचा. आणि मग, माणूसच तो, त्याला राहवेना.

"पण बघ," ते म्हणाले, "माझं म्हणणं शेवटी खरंच ठरलं की नाही? यात दुकानदाराचं काय काम होतं? आई-बापाचा दिवस काय, तो रोजच असतो."

माईंनी त्यांच्याकडे बघितलं. समोरच्या घरात दिवा लागला. त्या बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता, म्हणून काचवाले सावरून बसले.

"तुमचं सगळं खरं हो. दुकानदार लबाड, पुठ्ठा तोच, कागद वेगळा, सगळं खरं. पण रोज असतो म्हणून तुम्ही एकाही दिवशी तो केला नाहीत. पोरीला तुम्हाला काही सांगायचं तर काचेच्या पलीकडे जावं लागलं. ती निदान चित्रं काढणारी. मी कुठे जाऊ? इतकी वर्षं या घरात मला कुणी एक गोड शब्द बोललं नाही, आणि मी म्हणत राहिले, आम्ही साधी माणसं. आता ऐका. उद्या सोमवार आहे. कुठल्याच दुकानदाराचा नाही, मी विचारून आलेय असं समजा. उद्या सकाळी चहा पिताना तुम्ही मला काहीतरी बोलायचं. काय ते मी सांगणार नाही. रात्र आहे तुमच्या हातात, विचार करा."